पीसीओएस असलेल्या लेकीसाठी पास्ता: आमच्या घरचं शुक्रवारचं जेवण

पाचपाखाडीची आई
शुक्रवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज ओटा आवरला आणि बसलेच.

लेक २४ वर्षांची आहे. बारावीनंतर पाळीचं तंत्र बिघडलं ते बिघडलंच. कधी ४५ दिवसांनी, कधी अडीच महिन्यांनी. हनुवटीवर राठ केस, मानेमागे काळसर पट्टा. तो मळ आहे समजून मी तिला वर्षभर घासायला लावलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. दोन वर्षांपूर्वी पीसीओएसचं (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, अंडाशय आणि संप्रेरकांच्या बिघाडाचं दुखणं) निदान झालं आणि एका ठिकाणाहून तिला डाएटचा छापील कागद मिळाला. गहू बंद, भात बंद, दूध बंद, बटाटा बंद, केळं-आंबा बंद. पास्ता, पिझ्झा, नूडल्स यांच्याभोवती लाल पेनाने गोल आणि पुढे लिहिलेलं, ‘कायमचे’.

पास्ता म्हणजे तिचा जीव. तरी तिने चार महिने तो कागद पाळला. मग मावसबहिणीचा वाढदिवस आला. राम मारुती रोडवरच्या हॉटेलात सगळी मुलं जेवत होती आणि ही काकडीच्या चकत्या पुढ्यात घेऊन बसली होती. त्या रात्री एकच्या सुमाराला मला जाग आली. स्वयंपाकघरात दिवा नव्हता. लेक फ्रिजला टेकून अंधारात उभी होती आणि कोरडा ब्रेड खात होती, एकामागून एक. मला बघून तिने हातातला तुकडा पाठीमागे लपवला. एवढी मोठी मुलगी आईपासून ब्रेड लपवते हे मी पाहिलं, आणि सकाळी उठून तो कागद फाडला.

नंतर दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी अर्धा तास बसवून नीट समजावलं. आपण पिष्टमय पदार्थ खाल्ले की रक्तात साखर वाढते, ती पेशींत पोचवायला इन्सुलिन लागतं. पीसीओएस असलेल्या पुष्कळ मुलींच्या पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत, म्हणून शरीर ते आणखी जास्त बनवतं. हे जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं वाढवायला लावतं, आणि त्या संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारं जे प्रथिन यकृतात तयार होतं ते कमी करतं. म्हणून बीजांड वेळेवर तयार होत नाही, पाळी लांबते, केस-पुरळ येतं. मानेवरचा काळेपणा हीसुद्धा त्याच इन्सुलिनची खूण. मळ नव्हताच तो.

त्या म्हणाल्या, पास्ता की पोळी हा प्रश्नच नाही. एका बैठकीला पिष्ट किती जातंय आणि ते कशाच्या सोबतीने जातंय, एवढंच बघा. घरात चौघांसाठी एकच पातेलं शिजू दे, मुलीचं ताट वेगळं करू नका.

म्हणून हे आमचं शुक्रवारचं जेवण. चौघांचं प्रमाण देते.

पास्ता २०० ग्रॅम, म्हणजे माणशी ५० ग्रॅम, न शिजवलेला. पहिल्यांदा वजनकाट्यावर ५० ग्रॅम पेने (नळीसारखा पास्ता) ठेवले तेव्हा लेकीचा चेहरा पडला, कारण ते मूठभरच दिसतात. पण शिजून दुपटीहून जास्त होतात. ५० ग्रॅम पास्त्यात साधारण ३६ ग्रॅम कर्बोदकं येतात, म्हणजे आपल्या दोन मध्यम पोळ्यांएवढीच. हॉटेलात पुढ्यात येते त्या प्लेटमध्ये याच्या दुप्पट तरी असतो, वर लोण्यातला गार्लिक ब्रेड. आमच्याकडे पास्त्याबरोबर पाव नसतो, हा एकच नियम मी कडक ठेवलाय.

बाकी ताट भाजीने भरायचं. अर्धा किलो लालबुंद टोमॅटो, लाल भोपळ्याची एक फोड, पालकाची जुडी, दोन ढोबळी मिरच्या, मशरूमचं एक पाकीट, मूठभर फरसबी. जांभळी नाक्यावरून गुरुवारी संध्याकाळी आणते, तिथे टोमॅटो हवे तसे पिकलेले निवडून घेता येतात. प्रथिनांसाठी २०० ग्रॅम पनीर आणि एक वाटी छोले, रात्री भिजवून सकाळी कुकरला लावलेले. पनीर, छोले आणि पास्ता मिळून माणशी २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात.

सॉस असा. टोमॅटो आणि भोपळा कुकरच्या डब्यात पाणी न घालता दोन शिट्ट्या. साल काढून घोटायचं. भोपळ्याने आंबटपणा मोडतो आणि दाटपणा येतो, साखर किंवा केचप घालावं लागत नाही. कढईत दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल घालून गॅस बारीक ठेवायचा. तेल थंड असतानाच लसणाच्या पंधरा पाकळ्यांच्या पातळ चकत्या टाकायच्या. हळूहळू बुडबुडे येतात, चकत्यांच्या कडा पिवळ्या होतात आणि घरभर वास सुटतो, तेव्हा लगेच सॉस ओतायचा. लसूण तांबूस झाला तर कडू लागतो. ओरेगॅनोच्या पुडीऐवजी मी बाल्कनीतल्या ओव्याची चार पानं बारीक चिरून घालते. चव थेट तिथे जाते, करून बघा.

क्रीम नाही. अर्धं पनीर पास्त्याच्याच पाण्यात मिक्सरला अगदी गुळगुळीत फिरवायचं आणि सॉसमध्ये घालायचं. उरलेल्या पनीरचे तुकडे तव्यावर डाग पडेपर्यंत भाजायचे. किसलेलं चीज माणशी एक चमचा वरून.

आणि शिजवण्याचं. माझ्या पाकिटावर ११ मिनिटं लिहिलंय, मी नवव्या मिनिटाला एक पेने काढून नखाने तोडते. मधोमध खसखशीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसला की गॅस बंद. फार शिजून मऊ झालेला पास्ता लवकर पचतो आणि साखरही लवकर चढते. ठिपका ठेवलेला चावून खावा लागतो. सॉसमध्ये मिनिटभरच परतायचा.

आधी वाटीभर कोशिंबीर किंवा काकडी-मुळा-गाजर, मग भाजी-पनीर, पास्ता त्यानंतर. जेवून झाल्यावर आम्ही दोघी कचराळी तलावापर्यंत चालत जाऊन येतो, पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्या वेळात ती माझ्याशी जे बोलते ते दिवसभरात बोलत नाही.

आठ महिन्यांत पाळी ३४ ते ३८ दिवसांवर आली आहे. डॉक्टरांची गोळी चालू आहे, चालणंही आहे, म्हणून याचं श्रेय एकट्या पास्त्याला देत नाही. पण ती आता आमच्याबरोबर, दिव्याखाली बसून जेवते.

तुमच्याकडे काय करता, सांगा.


ऐरोली लोकल
शुक्रवार, रात्री ११.३२

ताई, मानेच्या पट्ट्याचं वाचलं आणि डोळे भरून आले. माझ्या आईने लिंबू-हळद लावून घासायला लावलं होतं, तीन वर्षं. उद्या तिला हा धागा वाचून दाखवणार आहे. तिला बोल लावायला नाही, तीसुद्धा अशीच हळहळत असते म्हणून.

पास्ता यायच्या शुक्रवारी करणार. साडेआठची गाडी पकडून ठाण्याला उतरले की घरी पोचायला सव्वानऊ होतात, त्यामुळे सॉस आदल्या दिवशी करून ठेवला तर चालेल का?


पाचपाखाडीची आई
शुक्रवार, रात्री ११.४०

चालेल काय, दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतो. फक्त पनीरची पेस्ट त्या दिवशी घाल, आदल्या दिवशी घातलीस तर गरम करताना फाटते. काळजी घे गं.


घणसोली सेक्टर ७
शनिवार, सकाळी ७.१५

आपल्या कळकळीबद्दल आदर आहे, पण पास्ता म्हणजे शेवटी मैदाच ना? मधुमेह असलेल्या माणसाच्या घरात मी मैदा येऊ देत नाही. वडिलांचा पाय गमावलाय आम्ही साखरेपायी. म्हणून विचारतो, वाद घालायला नाही.


पाचपाखाडीची आई
शनिवार, सकाळी ८.०५

दादा, तुमच्या वडिलांचं वाचून फार वाईट वाटलं. तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि मलाही हाच पडला होता.

पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचायची. जो घटक वजनाने जास्त तो आधी लिहावा लागतो. पहिलं नाव ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ असेल तर तो ड्युरम गव्हाच्या रव्याचा पास्ता. पहिलं नाव ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ किंवा ‘मैदा’ असेल तर परत ठेवायचं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात मल्टिग्रेन लिहिलेलं एक पाकीट मी आणलं होतं, मागे वाचलं तर मैदा पहिला आणि नाचणी अगदी शेवटून दुसरी.

रव्याचा पास्ताही पिष्टच आहे, त्याला औषध म्हणणार नाही. पण त्याची कणीक घट्ट दाबून, साच्यातून काढून वाळवलेली असते. प्रथिनांच्या जाळ्यात पिष्टाचे कण अडकून राहतात, म्हणून तो पाव-ब्रेडपेक्षा सावकाश पचतो. अख्ख्या गव्हाचा मिळाला तर त्यात तंतू साध्याच्या दुपटीहून जास्त असतात. आमच्याकडे एक आठवडा हा, एक आठवडा तो.


नौपाड्याच्या आजी
शनिवार, सकाळी १०.२०

नातीने हे वाचायला दिलं. मला ७३ वर्षं झाली, टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

तुम्ही ज्याला ड्युरम म्हणता तो आपला बन्सी गहू. आमच्या माहेरी, नगर जिल्ह्यात, शेवयांसाठी बन्सीच घेत. गहू ओलवून, दडपून, दुसऱ्या दिवशी दळायचा आणि पातळ फडक्यातून रवा-सपीट वेगळं करायचं. मळलेला गोळा पाट्यावर कुटावा लागे, तेव्हा तो लवचीक होई. मग मे महिन्याच्या उन्हात खाटेवर काठ्या मांडून शेवया वाळत घालायच्या. दुसऱ्या गव्हाची शेवई ओढताना तुटते आणि उकळत्या पाण्यात तिचा गिचका होतो. बन्सीची तार तुटत नाही. म्हणजे पास्ता मला काही परका वाटला नाही. जाड शेवईच ती.

खपलीचंही सांगते. खपली वेगळी, तिला टरफल घट्ट असतं, कांडून काढावं लागतं. लापशी, खीर, पुरणपोळीला तीच चांगली. हल्ली खपलीचा पास्ता मिळतो, नातीने वाशीहून आणला होता. रंगाला तांबूस, चवीला गोडसर. शिजायला जरा जपावं लागतं.

माझ्या धाकट्या जावेला लग्नानंतर नऊ वर्षं मूल नव्हतं. हनुवटीवर केस होते तिच्या. कोणी निदान केलं नाही, नुसती बोलणी खाल्ली तिने. आज हे सगळं वाचते तेव्हा तिची आठवण येते. मुलींनो, तुमच्याकडे निदान नाव तरी आहे या गोष्टीला.


खारघरची सई
शनिवार, सकाळी ११.०२

आजी, नमस्कार. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं.


सानपाडा स्टेशन
शनिवार, दुपारी १.४५

मला थोडं वेगळं म्हणायचंय. माझ्या बहिणीने गहू आणि दूध दोन्ही पूर्ण सोडलं, सहा महिन्यांत ९ किलो उतरले, पाळी नियमित झाली. ग्लुटेनमुळेच, म्हणजे गव्हातल्या प्रथिनामुळेच, सूज येते असं तिला सांगितलं गेलंय. मग पास्ता, चीज, पनीर, सगळंच एका ताटात देणं धोक्याचं नाही का? नवीन मुली वाचून तसंच करतील.


कोपरखैरणे आहार
शनिवार, दुपारी ३.३०

मी आहारतज्ज्ञ आहे, नवी मुंबईत एका रुग्णालयात काम करते. सानपाडा, तुमच्या बहिणीला बरं वाटलं याचा आनंदच आहे, आणि तिच्या बरं होण्यावर मी शंका घेत नाही. पण कारण तपासून बघू या. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरल्यावरही पाळी आणि इन्सुलिन दोन्ही सुधारतं, मग ते कोणत्याही आहाराने उतरो. गहू-दूध सोडलं की बिस्किटं, ब्रेड, केक, मिठाई, चहातली साखर हेही आपोआप सुटतं. श्रेय मात्र ग्लुटेनला मिळतं.

पीसीओएससाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहेत, ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१८ साली आल्या आणि २०२३ मध्ये सुधारल्या. त्यांत स्पष्ट म्हटलंय की कोणताही एक विशिष्ट आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. समतोल असावा, त्या व्यक्तीला आवडणारा आणि निभावता येणारा असावा. ज्याला सीलिअॅक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) आहे त्याने गहू सोडलाच पाहिजे, आणि त्याला खपलीही चालत नाही, कारण तिच्यातही ग्लुटेन असतं. ज्याला दूध पचत नाही त्याने दूध टाळावं. बाकीच्यांनी नुसत्या भीतीपोटी सोडायची गरज नाही.

त्याच सूचनांत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला या धाग्यावर सगळ्यात महत्त्वाची वाटते. पीसीओएस असलेल्या मुलींमध्ये नैराश्य, चिंता आणि खाण्याच्या बिघडलेल्या सवयी जास्त आढळतात, आणि डॉक्टरांनी त्याची विचारपूस करावी असं त्यांत सांगितलंय. पाचपाखाडीच्या ताईंनी अंधारात ब्रेड खाणाऱ्या मुलीचं लिहिलं, तशा मुली मी आठवड्याला दोन-तीन तरी बघते. बहुतेकींच्या पर्समध्ये असाच एखादा ‘बंद’ची यादी असलेला कागद असतो. चार महिने कोंडायचं, एका रात्री सुटायचं, मग स्वतःचा तिरस्कार करायचा आणि पुन्हा कोंडायचं. हे चक्र पास्त्याच्या वाटीपेक्षा कितीतरी जास्त नुकसान करतं.

आता तीन व्यवहाराच्या गोष्टी. नुसत्या सोनोग्राफीत ‘गाठी’ दिसल्या म्हणून पीसीओएस होत नाही. प्रौढ स्त्रीमध्ये तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांची लक्षणं किंवा रक्तातलं वाढलेलं प्रमाण, आणि सोनोग्राफीतलं चित्र. हे निकष २००३ साली रॉटरडॅमला ठरले. आता तिसऱ्याच्या जागी एएमएच ही रक्तचाचणीही धरता येते. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर निदानासाठी सोनोग्राफीवर विसंबू नये, त्या वयात अंडाशय तसे दिसणं स्वाभाविक असतं. त्या गाठी म्हणजे खरं तर अर्धवट वाढून थांबलेली बीजकोषांची पिल्लंच आहेत, घाबरून जाऊ नका.

दुसरं, फक्त उपाशीपोटीची साखर बघून निश्चिंत होऊ नका. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची चाचणी जास्त सांगते, डॉक्टरांना विचारा.

तिसरं, मेटफॉर्मिन (इन्सुलिनच्या तक्रारीसाठी देतात ती गोळी) दीर्घकाळ चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. शाकाहारी मुलींनी वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावं.

ताईंचं ताट मला आवडलं. माझी एकच सूचना: छोल्यांनी पोट फुगत असेल तर सुरुवातीला अर्धी वाटीच घ्या.


सानपाडा स्टेशन
शनिवार, संध्याकाळी ५.१०

धन्यवाद मॅडम. बहिणीला सीलिअॅकची तपासणी कधी केलीच नव्हती, नुसतं सांगितलं आणि सोडलं. तिला दाखवते हे. ती गेल्या महिन्यात एका लग्नात जेवली नाही आणि रात्री रडली, हे मी वर लिहिलं नव्हतं.


कोपरखैरणे आहार
शनिवार, संध्याकाळी ५.२५

तपासणी करायची ठरली तर डॉक्टरांना आधीच सांगा की ती गहू खात नाहीये. गहू बंद असताना ती रक्तचाचणी चुकीने निगेटिव्ह येऊ शकते.


सीवूड्सकर
शनिवार, रात्री ९.४०

मी नवरा आहे, शुक्रवार-शनिवारचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. बायकोला लग्नाआधीपासून पीसीओएस. ती बारीक आहे, ४७ किलो, त्यामुळे नातेवाईक सतत म्हणतात, तुला कसला आजार, तू तर काडी आहेस. बारीक मुलींनाही होतो आणि त्यांच्यातही इन्सुलिनची तक्रार असू शकते, हे तिच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं तेव्हा मलाही कळलं. तिला वजन कमी करायचं नाहीये, उलट स्नायू वाढवायचे आहेत. म्हणून आमच्याकडे पास्ता माणशी ६० ग्रॅम आणि प्रथिनं वाढीव.

आम्ही कोळंबी घालतो. दिवाळ्याच्या बाजारातून सकाळी पाव किलो मध्यम कोळंबी आणायची, साफ करून, काळा दोरा काढून, हळद-मीठ-लिंबू. तवा चांगला तापवून एका बाजूला दीड मिनिट, दुसऱ्या बाजूला एक. इंग्रजी ‘सी’सारखी वाकली की उतरवायची, पूर्ण गोल झाली म्हणजे जास्त शिजली आणि रबर झाली. सॉसमध्ये शिजवायची नाही, वर ठेवायची. कोळंबीबरोबर भोपळ्याचा सॉस जड होतो, त्यापेक्षा नुसता लसूण, लाल मिरची, भरपूर पालक आणि पास्त्याचं पाणी. बायको म्हणते आमटी-भाताइतकं समाधान होतं, आणि ती साताऱ्याची आहे.

एक विचारायचं होतं. शिजवून थंड केलेला पास्ता परत गरम केला तर साखर कमी चढते, हे खरं का?


कोपरखैरणे आहार
शनिवार, रात्री १०.१५

खरं आहे, पण फरक माफक आहे. शिजलेलं पिष्ट थंड झालं की त्यातला काही भाग घट्ट बांधला जातो आणि लहान आतड्यात पचत नाही, परत गरम केल्यावरही तो बऱ्यापैकी टिकतो. भात-बटाट्याचंही तेच. म्हणून रात्रीचा उरलेला डब्यात न्यायला हरकत नाही. फक्त शिजवल्यावर तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा, मुंबईच्या हवेत ओट्यावर रात्रभर नको. आणि थंड केलाय म्हणून दुप्पट खायचा नाही.

काडी आहेस म्हणणाऱ्यांना उत्तर देत बसू नका. तुम्ही स्वयंपाक करताय, ते तिच्यासाठी पुष्कळ आहे.


वाघबीळ
रविवार, सकाळी ९.०५

बाजरीचा पास्ता कोणी केलाय का? मी आणला होता, पाण्यात टाकल्यावर सहाव्या मिनिटाला लापशी.


खारघरची सई
रविवार, सकाळी ९.५०

बाजरीत ग्लुटेन नाही, त्यामुळे धरून ठेवायला काही नसतं. पाकिटावरच्या वेळेच्या तीन मिनिटं आधीपासून चाखत राहायचं, पाणी भरपूर ठेवायचं, आणि काढल्या काढल्या थंड पाण्याखाली धरायचा. ढवळायचं कमीत कमी. तरी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही, लगेच खावा लागतो.

मला चण्याच्या पिठाचा जास्त जमला. प्रथिनं खूप, कर्बोदकं कमी, पण नुसता खाल्ला तर पिठलं लागतं. मी अर्धा चण्याचा, अर्धा रव्याचा घेते, दोन वेगळ्या पातेल्यांत शिजवून मग एकत्र. मुलांना पत्ता लागत नाही.


कळवा पूर्व
रविवार, दुपारी १२.३०

माझा प्रश्न पदार्थाचा नाही, घरातला आहे. नवीन लग्न झालंय. सासूबाईंना पीसीओएसचं सांगितलेलं नाही. रात्री पोळी-भाजी-आमटी-भात हेच होतं, आणि मी भात कमी घेतला की ‘जेवत नाही’ म्हणून बोलणं होतं. त्यात पास्ता करते म्हटलं तर काय होईल, विचारच करवत नाही.


पाचपाखाडीची आई
रविवार, दुपारी २.१५

बाळा, आधी एक. रोजच्या पोळी-भाजी-आमटीत वाईट काही नाही. त्याच ताटात भाजी दुप्पट, आमटी घट्ट आणि वाटीभर, पोळ्या दोन, भात दोन घास, एवढं केलंस तरी ते या पास्त्याच्याच हिशोबाचं ताट झालं. भात वाढून घ्यायचा, पण शेवटी आणि थोडा. ताटात भात दिसला की बोलणं निम्मं कमी होतं, हे अनुभवाने सांगते.

सांगावं की नाही ते तू आणि तुझा नवरा ठरवा. पण जमेल तेव्हा नवऱ्याला सांगायला लाव, तू एकटीने नको. आणि सुरुवात पास्त्याने करू नकोस, शेवयांच्या उपम्याने कर. बन्सीच्या जाड शेवया, त्यात मटार, गाजर, फरसबी, शेंगदाणे, वर लिंबू. तो कुठल्याही सासूबाईंना परका नाही. वरच्या आजींनीच सांगितलंय ना, जाड शेवई म्हणून.


नौपाड्याच्या आजी
रविवार, दुपारी ४.४०

कळव्याच्या मुली, माझ्याही सुनेने मला दोन वर्षं सांगितलं नव्हतं. कळलं तेव्हा राग त्या आजाराचा नाही आला, आपल्याला सांगण्यासारखं तिला वाटलं नाही याचं वाईट वाटलं. सगळ्या सासवांचं मी सांगू शकत नाही. पण विचार कर.


पाचपाखाडीची लेक
रविवार, रात्री १०.५०

मी ती लेक. आईने लिहिण्याआधी मला विचारलं होतं, ब्रेडचं लिहू का म्हणून. मी म्हटलं लिही. अजून कोणीतरी आज रात्री फ्रिजपाशी उभी असेल, तिला कळू दे की ती एकटी नाही.

मानेवरचा पट्टा फिका झालाय, गेला नाहीये. हनुवटीचे केस आहेत, दर पंधरा दिवसांनी काढते. काही महिन्यांत सगळं गायब होईल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, यात वेळ लागतो. पण मी आता जेवणाला घाबरत नाही.

ऐरोली लोकल, एक सांगायचं राहिलं. आपण एकाच गाडीला असू कदाचित. घरी पोचायला उशीर होतो त्या दिवशी मी ऑफिसातून निघताना डब्यातले मूठभर फुटाणे खाते, म्हणजे घरी आल्यावर तुटून पडायला होत नाही. आणि पास्त्याचं पाणी आईने आधीच उकळत ठेवलेलं असतं. तुझ्याकडे कोणी असेल तर ठाण्याला उतरल्यावर फोन करून सांग.


ऐरोली लोकल
रविवार, रात्री ११.०४

बाबा असतात घरी. त्यांना पाणी उकळता येतं. सांगते.